मामाच्या दुकानातलं तुझं घड्याळ

प्रिय दादा,

तीर्थरूप लिहावं एवढा तू मोठा नाहीस आणि चिरंजीव लिहावं एवढी मी मोठी नाही, म्हणून नुसतंच प्रिय (तेही या पत्रापुरतं). वहिनीला नमस्कार, तुझ्या गुडघ्याची चौकशी. तुझ्या बाबांचं घड्याळ मामाकडून आणून कुरिअर करायला एवढा वेळ का, म्हणून तू माझ्यामागे भुणभुण लावली होतीस, त्याचं हे उत्तर. फोन सोडून पत्र का, ते शेवटी कळेल. शिवाय फोनवर तू सारखा मुद्द्यावर ये म्हणतोस. पत्रात तुला ती सोय नाही.

तर रविवारी सकाळी मी मामाकडे गेले, उभ्या उभ्या घड्याळ घ्यायचं आणि दुपारच्या बसने परत, असं ठरवून. दुकान जसंच्या तसं आहे. पुढच्या खोलीत काउंटर, मागे घर, आणि भिंतभर गिऱ्हाइकांची घड्याळं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मामाने डोळ्याचं भिंग न काढताच सांगितलं की घड्याळ झालंय, फक्त पट्टा सैल वाटतो. जेवणानंतर पट्ट्याचं काही नव्हतं, काच बदलायला हवी होती. चहाच्या वेळेला काचही बरी होती, पण घड्याळ किंचित पुढे पळत होतं. (एवढ्या तक्रारी तर तुझ्या गुडघ्यालाही नाहीत.) मामीने या तिन्ही वेळी मला खाऊ घातलं, त्यामुळे भांडायला तोंड मोकळं नव्हतं.

बसल्या बसल्या मला आपल्या सुट्टीचा शेवटचा दिवस आठवला. दोन मावश्या, तुझी आई, माझी आई आणि आपण सगळी पोरं, असं ते लटांबर. दाराशी बॅगांचा ढीग, आणि तू सकाळपासून बूट घालून तयार (तुला तेव्हापासून निघायची घाई). एरवी त्या घरात किती वाजले विचारायची सोय नव्हती, भिंतीवर एकाच वेळी सकाळ, दुपार, संध्याकाळ असायची. पण शेवटच्या दिवशी मात्र सगळी घड्याळं शहाण्यासारखी एकच वेळ दाखवायची. आणि सगळी मागे असायची. घड्याळजीच्याच घरात राहून वेळेची खात्री आणखी कुणाकडे करायची? आपण स्टँडवर पोचायचो तेव्हा बस गेलेली. मग थोरली मावशी कंट्रोलरवर तोंडसुख घ्यायची, आणि मामा तिच्या मागे उभा राहून गंभीरपणे म्हणायचा, हल्ली बसवाल्यांना वेळेची किंमतच राहिली नाही. (बँकेतला एक कॅशियर नेमका त्याच दिवशी आपलं घड्याळ न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी साहेबाच्या शिव्या खायचा. तरी पुढच्या वर्षी पुन्हा मामाकडेच.)

मग आरडाओरडा करत परत यायचं, बांधलेल्या गाद्या पुन्हा सोडायच्या. तो उरलेला दिवस म्हणजे नुसती मजा. आपल्याला रागवायचं ते मोठ्यांचं रागावून झालेलं असायचं, अभ्यासाची पुस्तकं बॅगेच्या तळाशी. मला अख्ख्या सुट्टीत तोच दिवस सगळ्यात जास्त आवडायचा. एका वर्षी तू भिंतीकडे बघितलंस, मग मामाकडे बघितलंस, आणि गुपचूप बूट काढून ठेवलेस. त्या दिवशी मला तू फार आवडला होतास. (नंतर तू माझी खाट बळकावलीस, ते वेगळं.)

मागच्या वेळी मात्र तू घड्याळ टाकायला आलास तो गाडीचं इंजिन चालू ठेवून. मामा अजून त्या आवाजाची नक्कल करतो. हात अजून स्थिर आहे त्याचा. पण बाहेर गाडी थांबली की भिंग काढून आधी दाराकडे बघतो, आणि कुणी नुसता पत्ता विचारणारा निघाला की उगाच त्याच्यावर खेकसतो.

मामामामीचे तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
खाट गमावलेली मावसबहीण

ता. क. घड्याळ दुरुस्त आहे. तू टाकून गेलास त्याच संध्याकाळी झालं होतं, हे मामीने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मी कुरिअरचं नाव काढल्यावर मामाने माझ्यादेखत ते पुन्हा उघडून ठेवलं. तेव्हा सुट्टीत पोरांना घेऊन ये आणि स्वतःच ने. त्याला घड्याळ नाही, तू हवा आहेस.

आणखी एक. तुझ्या गाडीत घड्याळ नेमकं कुठे असतं, असं मामा सहज विचारत होता.

शेवटचं. उत्तर मामाच्याच पत्त्यावर पाठव. माझा फोन मामीने चार्जिंगला लावलाय, कुठे ते मी विचारलेलं नाही. आज निघायचं म्हणून मामीने दिलेल्या खाऊची पिशवी घेऊन बाहेर आले, तर भिंतीवर सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत होती. मामा मान खाली घालून काम करत होता. मी चपला काढून ठेवल्या.