आखूड दांडा

सांगली, ११ मार्च १९४९

ती. दादांस मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि आमचा हातपंप पाणीच देत नाही. आम्हा तिघांचं वर्ष त्यात गेलंय. दट्ट्या खाली-वर होतो, पण कातडी वॉशरच्या कडेनं पाणी परत खाली पळतं. कॉलेजात लेथ एकच, तोही आम्हाला दोनच दिवस मिळणार. काय राखायचं नि काय सोडायचं ते ठरवा, असं सर काल म्हणाले. रंग सोडला, नावाची पितळी पट्टी सोडली. मग आमच्या तिघांतल्या मोहिद्दीननं नकाशातल्या लांब दांड्यावर बोट ठेवलं, हाही सोडू म्हणाला.

दादा, तो दांडा मी तुमच्यासाठी आखला होता. लढाईत तुमचा उजवा हात गेला, तेव्हापासून विहिरीवर वहिनीच राबतात, हे मला दिसत नाही का? मी मोहिद्दीनशी कडाकडा भांडलो, जेवलोही नाही. पण पाणीच नसेल तर दांडा काय चाटायचाय, हे त्याचं म्हणणं खरं निघालं. आखूड दांडा ठरला. त्याला दोन हात लागतात. परीक्षेनंतर पंप आपल्या विहिरीला मिळणार, पण लांब दांड्यानं एका हाती पाणी काढीन असं तुम्ही गावभर सांगून बसलात. आता कोणत्या तोंडानं येऊ?

रागावलात तरी लोभ तेवढाच ठेवावा.

आपला,
मानसिंग

दहिवडी, १४ मार्च

चि. मानसिंगला अ. आ. वि.

डाव्या हातानं लिवतोय, अक्षराला हसू नगंस. पत्र वाचून आधी लय राग आला, खोटं कशाला बोलू! मग फौज आठवली. नदीवर पूल बांधताना आमचा साहेब आधी गाडी पल्याड जाईल एवढंच बघायचा, कठडे मागनं. मोहिद्दीन शाणा हाय. त्याच्याशी आजच बोल.

आन् वॉशर कोरडं बसवता काय रं? टांगून ठेवलेली मोट पहिल्या दिशी गळती का न्हाई? दिसभर करंजाच्या तेलात बुडवा. तुजी वहिनी अंजना म्हणती, इंजिनेर व्हायला गेलं आन् मोट इसरलं.

सगळ्यांचा जीव तुज्याकडं लागलाय.

सयाजी

सांगली, २० मार्च

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

वॉशर मळू नये म्हणून आम्ही ते कागदात गुंडाळून पेटीत ठेवत होतो! तेलात भिजवलं. परीक्षेला अकरा वेळा दांडा मारला तरी थेंब नाही. आमच्यातल्या आप्पासोनं डोळेच मिटले. बाराव्याला पाणी आलं ते थेट परीक्षकांच्या बुटांवर. पास झालो.

काल मोहिद्दीननं न सांगता लांब दांडा पंपाला जोडायची खीळ करून माझ्या पेटीत ठेवली. दांडा करायला मात्र वेळ उरला नाही. शनिवारी पंप घेऊन येतो. बोलायचं ते तोंडावर बोला, पण माया कमी करू नका.

आपला,
मानसिंग

दहिवडी, २३ मार्च

चि. मानसिंगला अ. आ. वि.

दिवाळीला तू भिंतीवर कोळशानं आखून गेलास, त्याच मापाचा बाभळीचा दांडा तासलाय. पायाखाली दाबून, एका हातानं. लय येळ लागला, पण जमला.

खिळीचं भोक तेवढं राहिलंय. त्याला दोन हात लागतात. ते घेऊन ये.

तुजा दादा,
सयाजी