अख्तरीबींचा तिसरा हिस्सा

मी, हशमतराय टेकचंद लालवाणी, वय सदुसष्ट, धंदा वकिली, मूळ राहणार शिकारपूर, सिंध, हल्ली राहणार लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. यातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: ज्या घरात मी चौतीस वर्षे राहिलो, त्याचा तिसरा हिस्सा कधीच माझा नव्हता. बाकीची व्यवस्था किरकोळ आहे. ती आधी उरकतो.

एक. बँकेतील ठेव पत्नी सतीबाई हिला. लाकडी झोपाळा मुलगी देवी हिला. नांदेडच्या तिच्या घरात तो मावणार नाही हे मला माहीत आहे, तरी तिलाच.

दोन. कायद्याची पुस्तके शरणप्पा वकिलांना. बाररूममध्ये ते मला आजही 'पाकिस्तानवाले' म्हणून हाक मारतात. निजामाच्या काळातले उर्दू दस्त वाचून घ्यायला मात्र माझ्याकडेच येतात. पुस्तकांच्या समासात माझी टिपणे आहेत. ती त्यांनी वाचावीत. त्यांना गरज आहे.

तीन. शिकारपूरचे घर. वडिलांच्या सांगण्यात त्या घराला दरवर्षी एक खोली वाढे. ते वारले तेव्हा घर तीन मजली झाले होते. मला आठवतात त्या दोन खोल्या आणि छपरावरचा वारा खाली आणणारा झरोका. सिद्ध न होणारी मालमत्ता कोणाच्या नावे करता येत नाही. मुलांनी ते घर भांडण न करता विसरावे.

चार. लातूरचे घर. हे मूळचे मालक जिलानी आणि त्यांची बहीण अख्तरीबी यांना वडिलांकडून आले. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. जिलानी कराचीला गेले, त्यांचा हिस्सा सरकारजमा झाला आणि निर्वासित म्हणून मला मिळाला. त्याबद्दल वाद नाही.

अख्तरीबी मात्र देश सोडून गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या उपचारासाठी त्या हैदराबादला होत्या. त्यांचाही हिस्सा जमा करावा काय, याची चौकशी लागली. नोटीस नियमाप्रमाणे घराच्या दाराला चिकटवली गेली. त्या दाराआत तेव्हा मी राहत होतो. येता-जाता ती मी वाचत असे.

चौकशीला त्यांच्या बाजूने कोणीच आले नाही. मी उभा राहून युक्तिवाद केला: भाऊ गेला आहे, हैदराबादहून मोटार सुरू असताना बाई चार महिन्यांत एकदाही घराकडे फिरकल्या नाहीत, ज्याला राहायचे असते तो माणूस घर असे सोडत नाही, म्हणून त्यांचाही कराचीला जाण्याचा इरादा आहे. निकाल माझ्या बाजूने लागला. नंतर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा दाद मागण्याची मुदत संपल्याचे मी त्यांना सभ्य भाषेत सांगितले. त्यांनी पलीकडच्या गल्लीत खोली घेतली आणि शिवणकाम सुरू केले.

बहात्तरच्या दुष्काळात आसपास फक्त आमच्या आवारातल्या विहिरीला पाणी होते. पत्नीने फाटक उघडे ठेवले. रांगेत अख्तरीबी दिसल्या तशी ती म्हणाली, "आपा, तुम्ही पुढं या."

"राहू द्या भाभी. अब्बाची विहीर हाय म्हणून नंबर मोडला, तर ह्या सिद्धम्मा मला घागरीनं हाणतील."

"हाणीनच," सिद्धम्मा म्हणाल्या. "बापाची हाय तर बापाच्या टायमाला भरायचं. आता माझ्या मागं."

बायका हसल्या, अख्तरीबीही. जाताना घागर कमरेवर घेऊन त्या माझ्या झोपाळ्यापाशी थांबल्या.

"वकीलसाब, मनात काही ठेवू नका. चौकशी झाली तवा मी इद्दतीत होते. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडत न्हाई. तुम्ही हिंदू माणूस, तुम्हाला कुठनं ठाऊक असणार?"

मी म्हणालो, "पाणी सांडतंय, सांभाळा."

हे कलम मी मुलगा लछमण याला आधीच वाचून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, लातूर जिल्हा झालाय. पुढच्या खोलीत दुकान निघतंय, अन् तुम्ही वाटून देऊन राहिलात. द्यायचंच तर मागची खोली द्या. त्या म्हातारीनं मागितलं तरी का?"

मागितले नाही. मागण्याची मुदत संपली असे मीच त्यांना सांगितले होते.

म्हणून: रस्त्याकडची खोली, विहीर आणि विहिरीकडे जाणारी वाट, मिळून घराचा तिसरा हिस्सा, अख्तरीबींना. याला कोणी दान म्हणू नये. त्यांच्या पश्चात त्या म्हणतील त्याला. उरलेले घर लछमणला. त्याने दावा केल्यास वरील मजकूर त्याच्याविरुद्ध पुरावा समजावा. तो बापाच्या हातचा आहे.

पाच. माझ्या अस्थी मांजरा नदीत सोडाव्यात. सिंधूपर्यंत जाण्याचा विचार कोणी करू नये.

ठिकाण लातूर, दिनांक ११ मार्च १९८४.

सही: हशमतराय टेकचंद लालवाणी
साक्षीदार: बसलिंगप्पा गुरुपादप्पा, आडत व्यापारी, व्यंकटराव, निवृत्त तलाठी. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराने कोणाला काही देता येत नाही, हे जाणून पुढील कबुली मुद्दाम इथे लिहितो.

शिकारपूरला आमच्या शेजारची मरियम विधवा झाली, तेव्हा तिची इद्दत संपेपर्यंत माझी आई रोज तिच्याजवळ जाऊन बसे आणि तिचा बाजार आणून देई. लातूरला, चौकशीच्या आदल्या आठवड्यात, बसलिंगप्पांच्या आई पार्वतम्मा मला ओट्यावर म्हणाल्या होत्या, "अख्तरीचा नवरा गेला म्हणं हैदराबादला. एकलीच पडली पोरगी." मी काही विचारले नाही. आत जाऊन युक्तिवाद लिहायला बसलो.

हा भाग अख्तरीबींना वाचून दाखवावा. मी जिवंत असताना ते माझ्याने झाले नाही. बारा वर्षे त्या मला अजाण समजून माफ करत आल्या, आणि मी ती माफी घेत राहिलो.

मला इद्दत ठाऊक होती.

सही: हशमतराय टेकचंद लालवाणी