सुशीलेच्या लग्नाची शेवंती

पिंपरी, गुरुवार, १३ डिसेंबर १९७३

रविवारी सुशीलेचं लग्न, आणि आज सकाळपर्यंत फुलांचा पत्ता नव्हता. बुद्धमूर्तीपुढे आणि दोघांच्या हारांना पांढरी शेवंती हवी, एवढं एकच पोरीने मागितलं होतं. फुलवाला म्हणाला, पांढरी मिळणार नाही, झेंडू घ्या. तसाच परत आलो.

दुपारी गणपत सायकलवरून दारात. कारखान्यात माझ्याच खात्यातला, चाकणकडचा. संपात त्याची बायको दवाखान्यात होती, पैसे हवेत म्हणून तो कामावर गेला. मी गेटवर सगळ्यांसमोर त्याला फितूर म्हणालो. तेव्हापासून दीड वर्ष अबोला. आणि आज त्याच्या कॅरियरला पांढऱ्या शेवंतीची पाटी!

"ही आमच्या मळ्यातली, नमुन्याला. पसंत आसंल तर शनवारी समदी तोडून आणतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खात्यात ऐकलं. आपल्या पोरीचं लगीन हाय न्हवं?"

आपल्या पोरीचं म्हणाला. मी पाटी उतरवून घेतली. सुशीलेने तर पाटीत तोंडच खुपसलं. तो आत बसून चहा प्यायला. म्हणाला, "हार आमची मालकीण गुंफंल. आता बरी हाय ती."

आपल्या पोरीचं! मी चुकलो हे मला केव्हाच कळलं होतं, मग इतके दिवस गप्प का बसलो? तो निघाला तेव्हा कसाबसा म्हणालो, "गणपतराव, त्या दिवशी गेटवर माझं चुकलं."

वहाणा घालता घालता त्याने मान वर केली. "फुलं सावलीत ठेवा, राव. उन्हानं सुकतील."