सकाळचं पित्त

नाना, काल द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात माझ्या घशातून दुर्बीण घातली, आणि तेव्हापासून डोळ्यांसमोर तुमची भाकरी येते आहे. दुधात कुस्करलेली, तरी छातीत अडकणारी. आई पाठीवरून हात फिरवायची आणि तुम्ही म्हणायचात, "काय नाय, गॅस धरलाय." नव्वद सालची तुमची ती शेवटची दिवाळी. पुढच्या पाडव्याला तुम्ही नव्हतात, आणि नेमकं काय झालं होतं हे आम्ही कुणी विचारलंही नाही.

त्याआधीच्या सकाळी मला पाठ आहेत. तुम्ही मोरीत उकिडवे बसता, तांब्याभर कोमट मिठाचं पाणी पिता, दोन बोटं घशात घालता, आणि ओकाऱ्यांनी अख्खी गल्ली जागी होते. हिरवं पडलं की डोळे पुसत हसायचात, "निघाला बघा रोग!" एकदा माझं तोंड कडू झालं, तर मानेला धरून मला शेजारी बसवलंत. "घाल बोटं. भितो काय? लय मोकळं वाटतं." वाटलंही. दुसरी मुलं बापाकडून सायकल शिकली, मी हे शिकलो, आणि कधी सोडलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, "काका, नुसतं ॲसिड असतं तर गोळीनं भागलं असतं. तुमच्या आतड्यातलं पित्तही उलटं जठरात येतंय आणि दोन्ही मिळून अन्ननलिका भाजतायत. गोळीनं ॲसिड कमी होतं, जळजळ थांबते, पण पित्त येतच राहतं. त्यात तुम्ही रोज बोटं घालून ते वर ओढताय." मी विचारलं, हिरवं बाहेर पडलेलं चांगलंच ना? त्या हसल्या नाहीत. तपासायला तुकडा काढलाय म्हणाल्या, आणि घरात कुणाला घास अडकायचा का, असं विचारलं. "वडिलांना," मी म्हणालो. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

नाना, मी घाबरलोय. रात्री पोळीचा घास खाली उतरेपर्यंत पुढचा तोडवत नव्हता. नात तुमची विचारते, "बाबा, जेवत का नाही?" मी म्हणालो, गॅस धरलाय. तुमचंच वाक्य तोंडातून निघालं आणि मी ताट बाजूला सारलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. बाईंनी बजावलं होतं, तरी आज सकाळी बेसिनचा नळ मोठा सोडून मी बोटं घातली. हिरवं पडलं. लय मोकळं वाटलं, नाना.