पुनवेच्या सांजेला खाडीत पाणी नसतं

प्रिय आबा,

आज तुझ्या गावाला जाऊन आले. पायांचा चिखल अजून वाळला नाही आणि डोकं तर तापलेलंच आहे. कुणावर तरी ओरडायलाच हवं. तू गेलास त्याला चार महिने झाले, म्हणजे उलट बोलणार नाहीस. बरा सापडलास!

तुझं गाव कसलं म्हणा! ते आता थोर लेखकांचं गाव आहे. स्टँडवर उतरल्यापासून त्यांचाच फोटो. रिक्षावर, सोलकढीच्या गाड्यावर, शौचालयाच्या भिंतीवरसुद्धा. मे महिन्यात मामाच्या वाडीत आंबे खायला यायचे, एवढाच त्यांचा संबंध. पण या खाडीवर कादंबरी लिहिली ना!

आणि कादंबरीत तू. नावसुद्धा बदललं नाही रे त्यांनी! भिवा तरीवाला. दारू पिऊन पुनवेच्या उधाणात होडी घालणारा, नवरीसकट वऱ्हाड बुडवणारा. तू, ज्याला खोकल्याच्या औषधाचा वाससुद्धा चालायचा नाही! तू, ज्याची होडी उभ्या जन्मात एकदाही उलटली नाही!

तुझ्या धक्क्यावर आता बोर्ड आहे. 'भिवाचा धक्का. ती होडी इथेच बुडाली.' बोर्डाखाली गाइड रंगात आलेला. "समोर सूर्य बुडतोय, मागून पुनवेचा चंद्र वर येतोय, खाडीला उधाण आलंय, आणि भिवा झिंगलाय..."

मी मधेच म्हटलं, "काका, भिवा माझे आजोबा. ते प्यायचे नाहीत. आणि होडी बुडालीच नव्हती."

"काय सांगता! भिवाची नात!" तो पर्यटकांकडे वळला. "चला, ताईंबरोबर सेल्फी घ्या."

"सेल्फी राहू दे. तो बोर्ड काढा."

"बोर्ड काढला तर लोकांनी बघायचं काय ताई? चिखल?"

मी खाली बघितलं. चिखलच होता, आबा! आज पौर्णिमा. सूर्य बुडत होता, अगदी कादंबरीतल्यासारखा. आणि खाडी रिकामी. मधोमध पाण्याची एक बारीक रेघ, बाकी चिखल. दोन बायका साड्या खोचून चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या.

मी चप्पल हातात घेऊन उतरले. "मावशी, पाणी कुठे गेलं?"

"पुनवेला सांजंला पानी?" एकजण खिदळली. "कुठली गो तू, पुन्याची? भरती दुपारीच येऊन गेली."

दुसरी म्हणाली, "वर त्या बाबाची होडी रोज बुडते न? पानी सगलं तिकडंच जातं."

तेव्हा डोक्यात तुझी पाऊणकी वाजली. नागावच्या आपल्या घरी ओटीवर घोकून घ्यायचास. तिथीची पाऊणपट कर, भरती किती वाजता ते कळतं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पुनवेला सव्वाअकराची भरती, म्हणजे सांजेला ठार ओहोटी. आजच नाही, दर पुनवेला! थोर लेखकांना उधाण हवं होतं, सूर्यास्तही हवा होता आणि चंद्रही. खाडीला विचारलंच नाही!

आठवतं? मी नववीत होते. कादंबरीतला हाच प्रसंग आम्हाला मराठीला धडा होता, तो तुला मोठ्याने वाचून दाखवला होता. मूर्ख मी, कौतुकाने! "आबा, तुझं नाव आहे यात!" तू सुपारी कातरत होतास. एवढंच विचारलंस, "तिथ कंची लिवलीय त्यानं?"

"पौर्णिमा. संध्याकाळ."

तू इतका हसलास की ठसका लागला. मग म्हणालास, "वाच पुढं. चांगलं लिवलंय."

चांगलं? का नाही सांगितलंस? आजीकडून पुढे कळलं की पुस्तक आल्यावर लोक होडीत पाय ठेवण्याआधी म्हणायचे, "भिवा, तोंड उघड बघू." रोजची माणसं! त्यांच्या पोरींची वऱ्हाडं तू नेली होतीस. त्यांतल्या एकालाही पाऊणकी येत नव्हती? येत होती! आणि तू होडी विकलीस आणि नागावला दुसऱ्याच्या वाडीत झाडांना पाणी शिंपायला आलास. मी "गावाला जाऊया" म्हटलं की एकच उत्तर. "काय हाय तिथं?"

आणि मी काय केलं? कॉलेजात त्याच प्रकरणावर निबंध लिहिला. 'मृत्यू आणि भरती.' पहिला नंबर! बक्षीस तुझ्या हातात दिलं, तू ते देव्हाऱ्यात ठेवलंस. आबा, एक थोबाडीत द्यायची होतीस रे!

मी ज्या कथा लिहिते, उलट्यासुलट्या, पूर्णविराम नसलेल्या, त्या तुला कधी कळल्या नाहीत. हे साधं आहे, हे कळेल. बोर्ड मी फोडणार नाही. दर पुनवेला संध्याकाळी तुझ्या धक्क्यावर येईन. गाइडला सगळं बोलू देईन. चंद्र, उधाण, दारू, नवरी, सगळं. त्याचं झालं की त्या माणसांना म्हणेन, "चपला काढा. उतरा खाली. आता बुडून दाखवा."

तुझी,
प्राजू