दुबलगुंडीत फुकट ड्रेसिंग

दुबलगुंडी, गुरुवार

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाअक्कास,

धाकट्या विजयश्रीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे वाकणं आता कागदावरच जमतं.) तुझं बीपी, भाऊजींचा खोकला आणि कलबुर्गीचं ऊन, तिन्ही आटोक्यात असोत. इकडे सासूबाई ठणठणीत आहेत. यांची साखर मात्र पुन्हा चढली आहे, आणि त्यात तुझ्या लेकीचा हात आहे.

डॉक्टरांनी यांना जेवणाआधी ताटभर कच्ची भाजी सांगितली. यांनी काकडी-कोबी पाहिली आणि ताट सरकवलं, "म्हशीचं म्हशीला घाल, मला भाकर वाढ." सुट्टीला आलेली स्नेहा म्हणाली, "मावशी, नुसतं कामून देतीस? ड्रेसिंग कर की." सासूबाई आतून धावत आल्या, "अगं बाई, कुठं लागलंय?" (आपल्याकडे ड्रेसिंग जखमेला करतात, काकडीला नव्हे, हे कडगंचीच्या विद्यापीठात शिकवत नसावेत.)

स्नेहानं पिशवीतून बाटली काढली. मी मागची बारीक अक्षरं वाचली: साखर, तेल, मग टोपणनावानं पुन्हा साखर. अक्का, एवढ्या सभा गाजवलेली बाई मी, चुलीपुढेच भाषण ठोकलं. घरात पिळलं तर लिंबू गावठी, आणि कुणी बाटलीत भरून विकलं की तेच आरोग्य! करडईच्या मुलखात जन्मून काकडीसाठी परदेशी तेलाची वाट बघणारी ही कसली शिकलेली पिढी? मग घाण्याचं करडई तेल, लिंबू, दही, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ आणि शेंगदाण्याचं कूट घालून रवीनं घुसळलं. यांना ते इतकं आवडलं की त्यात बुडवून चार भाकऱ्या खाल्ल्या. काकडी ताटात जशीच्या तशी. साखर चढली ती अशी.

हरला तो नवरा, सिद्धान्त नव्हे. म्हणून येत्या रविवारी गावापुढेच प्रात्यक्षिक ठरवलं. 'काकडीवरची चटणी' म्हटलं असतं तर चार बायका आल्या असत्या, त्याही उसनी साखर मागायला. तेव्हा मराठीसाठी जन्मभर घसा फोडणाऱ्या मी विषय दिला, 'घरच्या घरी सॅलड ड्रेसिंग'. (इंग्रजी नावाला गर्दी होते, याच दुःखावर माझं एक गाजलेलं व्याख्यान आहे.) दवंडीचा निरोप पंचायतीच्या सिद्धेश्वरला द्यायला यांना धाडलं. यांनी वाटेतच सॅलड गाळलं. विचारलं तर म्हणतात, "गवताचं नाव ऐकून कोण यायलाय? तुझ्याच भल्यासाठी गाळलो." सिद्धेश्वरनं भोंग्यावरून मराठीत आणि कन्नडात पुकारलं: रविवारी मारुतीच्या पारावर ड्रेसिंग, फुकट! (फुकट ही त्याची स्वतःची भर.)

तेव्हापासून दारात रांग आहे. कुणाचा अंगठा, कुणाची टाच. मी आहारावर बोलू लागले की म्हणतात, "ऐकतो की बाई, आधी पट्टी बांधा." बसव्वा तर विचारून गेली, "अक्का, म्हशीचा खूर फुटलाय. तिलाबी आणू का?"

तुझी,
जिच्यापुढे माईक थरथरतात ती
विजयश्री

ता. क. स्नेहाची बाटली परत पाठवत नाही. सासूबाईंनी चाटून संपवली.

ता. क. दुसरा. खरं काम हे: स्नेहाला रविवारी पहिल्या बसनं परत इकडे धाड. तेल, लिंबं इथं आहेत. येताना कापूस, पट्ट्या आणि आयोडीन पिशवी भरून आण म्हणावं. पट्टी बांधून घेणारा एकही माणूस वाटीभर काकडी खाल्ल्याशिवाय मी पारावरून उतरू देणार नाही. यांनी आजच करंगळीला विळी लावून घेतली आहे, तेव्हा तेही सापडले.

ता. क. तिसरा. खुराला बसेल अशी रुंद पट्टी मिळाली तर बघ. बसव्वाला मी हो म्हणून बसले आहे. काकडीला नाही न म्हणणारं गावात तेवढं एकच आहे.