ढगळा पांढरा शर्ट

अण्णा, हल्ली पोरं मुद्दाम ढगळे कपडे घालतात. मुद्दाम, अंगापेक्षा दोन मापं मोठे. तुम्ही असतात तर हातातला खडू खाली ठेवून म्हणाला असतात, "काय गो, ह्यांच्या घरात आरसे नायत काय?" परवा भाट्याला गेले होते, तर किनाऱ्यावर सगळी तीच गत. शर्टाचा खांदा कोपराकडे निघालेला, पँटीत दोन माणसं मावतील, आणि त्याच अवतारात एकमेकांचे व्हिडिओ काढतायत. आपल्या शिवणाच्या दुकानातही तेच. गेल्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी नवाकोरा टीशर्ट घेऊन आली. मी सवयीने टाचण्या तोंडात धरल्या आणि विचारलं, किती आत घेऊ? "आत नको हो काकी, फक्त बाहीची शिवण सुटलीय तेवढी घाला. तो ओव्हरसाइजच आहे." मी म्हटलं, ते दिसतंय मला. ती खळखळून हसली. मला काही हसू आलं नाही. ढगळा शर्ट दिसला की मला तुम्ही दिसता, आणि तेही दुकानातले नाही, शेवटचे.

तुमच्या दुकानाचा एकच कायदा होता, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर. बाकी सगळं नंतर. सोळाव्या वर्षी मी पहिला अख्खा शर्ट एकटीने शिवला, पोस्टातल्या एका क्लार्कचा. तुम्ही त्याला घालायला लावलात, मागून पुढून पाहिलंत, काढायला लावलात आणि त्याच्यादेखत ब्लेडने उसवलात. खांदा अर्धा इंच उतरला होता, अर्धाच! तो बिचारा म्हणत होता, "राहू द्या हो, चालतंय मला." तुम्ही म्हणालात, "तुम्हाला चालेल, मला नाय चालणार. कोणीतरी दिलेला घालून आलात असं वाटतंय." मी आत जाऊन रडले, तुमच्या नावाने बोटं मोडली. संध्याकाळी चहा पिताना, मी काही विचारलेलं नसताना, तुम्ही सांगितलंत. लहानपणी गावात तुमच्या अंगावर स्वतःच्या मापाचा कपडा कधी चढलाच नव्हता. आपल्या वाडीत यायचे ते वरच्या आळीतले उतरलेले कपडे, तेही लांबून टाकलेले. चड्डी सुतळीने बांधायची, बाह्या दुमडून शाळेत मागे बसायचं, आणि ज्याचा शर्ट तोच पोरगा पुढच्या रांगेतून वळून वळून बघायचा. "तेव्हाच ठरवलं, शिवायला शिकायचं," म्हणालात. एवढंच, आणि बशीतला चहा फुंकत बसलात.

म्हणून तर तुमचा तो जयंतीचा शर्ट. दर वर्षी एप्रिलमध्ये वाडीतल्या विहारात सगळे पांढरे कपडे घालून जमायचे, आणि त्यात तुमचा शर्ट उठून दिसायचा. दर वर्षी नवा, स्वतः शिवलेला, इस्त्रीची धार अशी की भाजी चिरावी. शेवटच्या वर्षी नवा शिवायचं त्राण नव्हतं. पोटाच्या दुखण्याने चार महिन्यांत तुम्हाला निम्मं करून टाकलं होतं. आदल्या वर्षीचा शर्ट घालून तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. "एवढा फिटिंग मारून दे गो. जयंतीला घालायचाय." मी टेप लावली. छाती सात इंच उतरली होती. आकडा तुम्हाला दिसू नये म्हणून मी तो मुठीत धरला, तोही कोणासमोर, तर चाळीस वर्षं टेप वाचलेल्या माणसासमोर! म्हटलं, "फारसा फरक नाही हो अण्णा. पावसाळ्यापर्यंत भराल परत, मग काय उसवत बसू?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि "बरं" म्हणालात. जयंतीच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारलंत. मी म्हटलं, नवरदेवाचे कपडे द्यायचेत, वेळ नाही. वेळ होता. तासाभराचं तर काम. पण त्या शर्टाला कात्री लावली की तुम्ही आता भरणार नाही हे माझ्याच हाताने सांगितल्यासारखं झालं असतं, आणि ते मला जमेना. माझ्या मनाला त्रास नको म्हणून मी तुम्हाला तसंच पाठवलं. विहारात तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. कॉलरमध्ये मान कुठल्या कुठे गेलेली, आणि दर थोड्या वेळाने डावा खांदा वर ओढून घेत होतात. सगळी वाडी बघत होती. मी मागे बायकांमध्ये बसले होते, मला मान वर करवेना. मे संपायच्या आत तुम्ही गेलात.

याला सतरा वर्षं झाली. तुमची नात तेव्हा दोन वर्षांची होती, आता पुण्याला शिकते. या सुट्टीत आली आणि कपाट उपसताना तो शर्ट तिच्या हाती लागला. पिवळट पडलाय, पण एक काज सुटलेलं नाही अजून. तिच्या त्या घेरदार जीन्सवर चढवून बाहेर आली आणि माझ्यासमोर गोल फिरली. "आई, आजोबांचा ना हा? कसला भारी दिसतोय बघ!" खांदे खाली आलेले, कॉलरमध्ये मान हरवलेली. मला काय झालं कोण जाणे. मी किंचाळलेच, "काढ तो आधी! कोणाचं उतरलेलं घातल्यासारखी दिसतेस." तुमच्या शर्टाला मी हे बोलले, अण्णा. पोरगी पांढरीफटक पडली. शर्ट काढला, घडी घालून कॉटवर ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिला काय माहीत? तिच्या अंगावर कोणी कधी उतरलेलं चढवलं नाही. आधी तुम्ही शिवत होतात, मग मी. ढगळं घालणं ही तिची हौस आहे. नातीला अशी हौस परवडावी म्हणूनच तुम्ही जन्मभर मशीन मारलंत, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तो शर्ट टेबलावर पसरला. आपल्या धंद्यातल्या माणसाला माफी मागायची तर दुसरं येतं काय? खांदे उसवले, बाह्यांचे मुंढे नव्याने कापले, दोन्ही बाजूंनी आत घेतलं, जादा कापड कापून टाकलं. हात जराही अडखळला नाही. इस्त्री करून तिच्यापुढे धरला, म्हटलं, घे, आता घाल खुशाल, मी काही बोलणार नाही. तिने घातला, आरशात बघितलं आणि रडायलाच लागली. "हे काय केलंस आई? मोठा होता म्हणून तर हवा होता. आत शिरलं की आजोबांनी जवळ घेतल्यासारखं वाटत होतं. मला ते आठवतसुद्धा नाहीत गं." मी वेड्यासारखी केराच्या टोपलीतून पट्ट्या गोळा करायला लागले, थांब, जोडून देते म्हटलं. अशा पट्ट्या जोडून शर्ट होतो का, अण्णा? तीच म्हणाली, राहू दे. शर्ट इथेच ठेवून ती पुण्याला गेली.

काल तिचा फोन आला. बरी बोलत होती, जेवलीस का वगैरे. मग मीच सगळं सांगून टाकलं, तुमच्या दुखण्याचं, जयंतीचं, वेळ नाही म्हटल्याचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आजोबांनी मागितलं तेव्हा करून दिलं नाहीस, आणि मी मागितलं नव्हतं तर दिलंस?" रागाने नाही, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून. वर म्हणते, "आणि फिटिंग तरी कुठलं? बाह्या माझ्या बोटांखाली लोंबत होत्या. तू तर माप कधी चुकत नाहीस." मी म्हटलं, डोळे गेले गं आता, वय झालं, आणि फोन ठेवला. डोळ्यांना काही झालेलं नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, मापांच्या वहीतच राहील ते. पण तिला सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. शर्ट कापायला घेतला तेव्हा मी पोरीला टेप लावलीच नव्हती. तुमचं शेवटचं माप मला पाठ होतं, त्यावरच कापला.